गाडीला रस्ता लागत नाही

केंदूर, ता. शिरूर
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

नमस्कार. फोन कानाला लावला की तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कासुर्डीला आलो की तुम्ही शुद्धलेखन घालायचात आणि चुकलं की उठाबशा. आता माझं वय बघून चुका पोटात घाला.

बातमी मोठी आहे. दसऱ्याला आपल्या दारात गाडी आली. साधी नाही, जीपच्या घराण्यातली, काळी कुळकुळीत. वाळू, चिखल, डोंगर, नांगरट, सगळीकडे चालते. शोरूमवाला म्हणाला, "साहेब, रस्ता संपतो तिथं हिचं काम सुरू होतं." थोडक्यात, हिला रस्ता लागतच नाही. सुलक्षणानं ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, सरपंच स्वतः आले. मागच्या काचेवर "आप्पांची पुण्याई" असं लिहून घेतलंय. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, पण गाडीत बसलं की ते शेजारीच आहेत असं वाटतं.

आता एक छोटं काम. आजोबांनी ओढ्याकडचा, रस्त्यालगतचा तुकडा तुमच्या नावे केला होता. आजवर कसत मीच आलोय, तुम्ही कधी पेंडीभर कडबा मागितला नाही, हा तुमचा मोठेपणा. तिथं मला ऑफ-रोड ट्रॅक करायचाय. खड्डे, दगड, चिखल. पुण्याची पोरं शनिवार-रविवार गाड्या घेऊन येतील. आपल्या वस्तीची वाट त्याच तुकड्यातून जाते, म्हणजे आल्या-गेल्याला ट्रॅक आपोआप दिसेल. त्यासाठी बक्षीसपत्रावर तुमची एक सही लागेल. भाऊकीतल्या सगळ्या आत्यांनी साडीचोळी घेऊन हक्क सोडलाच आहे, तुम्हाला तर मी पैठणी घेणार. आणि सहीला शिरूरला याच गाडीतून नेणार, अगदी राणीसारखं.

तुमचा
सत्यजीत


कासुर्डी, ता. दौंड
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सत्या,

तुझं पत्र लाल पेनानं तपासून परत पाठवणार होते, पण पेनातली शाई पुरेना. गाडी आली, आनंद आहे. सुलक्षणाला सांग, लिंबं वाया घालवू नकोस, सरबत कर.

एक शंका आहे. रस्ता संपतो तिथं हिचं काम सुरू होतं म्हणतोस, मग तू जातोस कुठं? माझ्या माहितीप्रमाणे सकाळी सोसायटी, दुपारी चौकातली टपरी आणि आठवड्याला पाबळचा बाजार. तिन्हीकडे डांबर आहे. डोंगर म्हणावा तर तुझ्या लग्नात कानिफनाथाच्या पायऱ्या चढताना तूच मधे बसला होतास आणि सुलक्षणा वर जाऊन नारळ फोडून आली होती. गाडी घेणाऱ्याला धाप लागत असेल तर गाडीनं डोंगराला काय तोंड दाखवायचं?

काचेवर पुण्याई लिहिलीस ते वाचलं. तुझ्या बापाची, माझ्या मच्छिंद्रदादाची पुण्याई तो पायी फिरून जमवायचा. लोकांच्या बांधावर जाऊन बसायचा, दुखलं-खुपलं विचारायचा. तू ती काचेवर चिकटवून पोलिसांना दाखवणार.

त्या ट्रॅकचं मला नीट कळलं नाही म्हणून दोनदा वाचलं. त्या तुकड्यातले दगड वेचता वेचता माझ्या आईची नखं गेली होती. आता तू तिथं दगड विकत आणून टाकणार, रान खणून चिखल करणार आणि त्यात रुतायला पुण्याहून माणसं येणार. आमच्या वेळी गाडी रुतली की लोक शिव्या द्यायचे. आता पावती फाडतील.

सहीचं म्हणशील तर तुझी घाई म्हणजे उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. माझ्या गुडघ्याला बाशिंग नाही, नुसतं दुखणं आहे. दोन्ही वाट्या झिजल्यात असं डॉक्टर सांगतात. म्हणून आधी एवढंच कळव, तुझ्या गाडीला पायरी आहे का?

तुझी
आत्या


केंदूर
८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

भाऊबीजेला येता आलं नाही, राग धरू नका. आप्पा गेल्यापासून त्यांच्या जागी दरवर्षी मीच येतो, पण या वेळी गाडी वाघोलीच्या गॅरेजात होती आणि गाडीशिवाय यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. लोक विचारतात, "गाडी कुठंय?"

पण काम असं झालंय की तुम्ही बघत राहाल. कंपनी जी गाडी देते ती निव्वळ सांगाडा असते, तिच्यात जीव आपल्यालाच ओतावा लागतो. लिफ्ट किट टाकून गाडी उचलून घेतली. टायर मोठे केले, आता चाक सुलक्षणाच्या कमरेला लागतं. पुढं लोखंडी बंपर, त्याला विंच, म्हणजे गाडी अडकली तर स्वतःच स्वतःला दोरानं ओढून काढते. टपावर दिव्यांची पट्टी बसवली, ती लावली की खालच्या आळीतले कोंबडे आरवायला लागतात. आणि बाजूनं वर गेलेलं एक नळकांडं, त्याला स्नॉर्केल म्हणतात. गाडी पाण्यात बुडाली तरी ती त्यातून श्वास घेते.

तुम्ही पायरीचं विचारलं होतं. कंपनीची पायरी होती, पण ऑफ-रोडला ती दगडाला घासते म्हणून मेकॅनिकनं काढायला लावली. आता खालून एकदम मोकळी दिसते. तुम्ही काळजी करू नका, हात धरून वर घेऊ.

परवा ओढ्यात घातली होती. पाण्यात उभी करून फोटो काढले, गावात सगळ्यांच्या स्टेटसला आपलीच गाडी. म्हणतो ते खोटं नाही, हिला रस्ता लागत नाही.

बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून तयार आहे. तारीख कळवतो.

तुमचा
सत्यजीत


कासुर्डी
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सत्या,

भाऊबीजेला मी दुपारपर्यंत पाट मांडून ठेवला होता. अनिता शेजारीण दोनदा डोकावून गेली. शेवटी तिच्या नवऱ्याला बसवून ओवाळलं, म्हटलं तेल-वात वाया नको. त्यानं ओवाळणीत भाजीची जुडी टाकली. वाईट वाटलं, ते लिहिते. तुला गाडीशिवाय यायची लाज वाटली. तुझा बाप एसटीनं यायचा, धोतराच्या सोग्यात शेंगा बांधून. त्याला कुणी विचारलं नाही गाडी कुठंय म्हणून.

ज्या गाडीला बुडण्याची, अडकण्याची आणि स्वतःला ओढून काढण्याची सोय आधीच करून ठेवलीय, ती घेताना तिच्यावर तुझा भरवसा जरा कमीच असावा. असो. गेल्या पाच वर्षांत आपल्या ओढ्यात गुडघाभर पाणी मी पाहिलेलं नाही. त्यात बुडायला गाडीला आडवं झोपावं लागेल.

पण पायरी काढलीस हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. मी एकच गोष्ट विचारली होती.

तुला सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून निघाले तेव्हा दारात बैलगाडी उभी होती. मी लुगड्यात, अंगावर दागिने, चढता येईना. बायका हसायला लागल्या. तुझा बाप पुढं आला, मातीत एक गुडघा टेकला आणि दुसरा पुढं करून म्हणाला, "दे पाय, चांगुणा." नवं धोतर होतं त्याचं. मी त्याच्या मांडीवर पाय ठेवून गाडीत चढले. पुढं कितीही वर्षांनी केंदूरला आले तरी निघताना तो गुडघा टेकायचा, मी चढायचे. ती बैलगाडी फार उंच नव्हती रे. कुणीतरी वाकत होतं, एवढंच.

आणि तो तुकडा. त्याचं एक दाणाही पीक मी खाल्लेलं नाही, खरं आहे. पण तो नावावर आहे म्हणून मी केंदूरला माहेर म्हणते. सही केली की मी तिथली पाहुणी. हे तुला आधी सांगायला हवं होतं, आता सांगितलं.

तुझी
आत्या


केंदूर
६ डिसेंबर २०२४

आत्या,

पत्र वाचून डोळे भरून आले. आप्पांच्या गुडघ्याची गोष्ट मला माहीतच नव्हती. सुलक्षणालाही वाचून दाखवली. मी त्याच दिवशी ठरवलं, आप्पांसाठी काहीतरी करायचं. बोनेटवर त्यांचा मोठा फोटो करून घेतलाय, फेट्यातला, खाली "गुडघा टेकणारा राजा माणूस". सगळे विचारतात याचा अर्थ काय, मी तुमची गोष्ट सांगतो.

माहेर-पाहुणी असलं मनात आणू नका. सही झाली तरी तुमचं माहेर तुमचंच. कागद म्हणजे काय, फॉर्मॅलिटी.

सोमवार, १६ डिसेंबरचा नंबर लागलाय शिरूरच्या नोंदणी कार्यालयात. सकाळी मी कासुर्डीला येतो, तिथून न्हावऱ्यामार्गे शिरूर. येताना दोन साक्षीदार गाडीत असतील, तरी पुढची सीट तुमची. पैठणी तुमच्या गावच्या शितलबरोबर पाठवतोय. ती कारेगावात राहून कंपनीत जाते, रविवारी घरी येईल तेव्हा आणून देईल. सुलक्षणानं स्वतः घडी घालून बांधलीय. त्या दिवशी तीच नेसा.

तुमचा
सत्यजीत


(पैठणीच्या घडीत)

आत्याबाई,

पाया पडते. हे पत्र वाचून चुलीत घाला.

तुम्हाला एक सांगायचंय. ह्या गाड्या दोन जातीच्या असतात, दिसायला सख्ख्या जुळ्या. एकीची चारी चाकं ओढतात, ती चिखलातून निघते. दुसरीची मागची दोनच ओढतात, ती नुसती दिसते. पहिलीला नंबर लावून थांबावं लागणार होतं आणि ह्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं की दसऱ्याला गाडी दारात. म्हणून दुसरी आणली. चार चाकांचं स्टिकर बाजारातून आणून रात्रीतून चिकटवलं. हे मला आणि ह्यांना सोडून कुणाला माहीत नाही.

ओढ्यातले फोटो तुम्हाला पाठवले असतील. फोटो काढून झाल्यावर गाडी निघालीच नाही. मग ह्यांनी त्या यंत्राचा दोर काठावरच्या बाभळीला बांधला आणि बटण दाबलं. बाभळ आली, गाडी आली नाही. शेवटी आपल्या रानातल्या गड्यानं, दगडोबांनी, बैलं जुंपून काढली. दगडोबा म्हणाले, "मालक, बैलास्नी बी एक स्टिकर लावा की." ती बाभळ अजून तिथंच आडवी पडलीय.

हे तुम्हाला हसायला लिहिलं नाही. सहीबद्दल लिहायचं होतं. माझ्या माहेरी धाकट्या भावाला ट्रॅक्टर घ्यायचा होता तेव्हा माझीही सही अशीच घेतली. साडी चांगली होती, मोरपंखी. आता माहेरी गेले की वहिनी विचारते, "किती दिवस राहणार?" आधी कधी विचारायची नाही.

तुम्ही काय करावं हे मी सांगणं बरोबर नाही. पण पैठणी नेसा, रंग तुम्हाला शोभेल. मीच निवडलाय.

सुलक्षणा


केंदूर
१८ डिसेंबर २०२४

आत्या,

मी लहान आहे, पण आज स्पष्ट लिहितो.

सोमवारी तुमच्या दारात जो तमाशा झाला त्याला मी जबाबदार नाही. मी वेळेवर आलो. तुमचा पाय वर पोचला नाही, ठीक आहे. अनिताकाकूंनी प्लास्टिकची खुर्ची आणली, ती वाकली. मग पाट, पाटावर पाट, मग पिठाचा डबा. मी वरून हात धरला, साक्षीदारांना खालून आधार द्या म्हटलं, तर तुम्ही त्यांनाच झापलं. सगळी आळी जमली होती. पोरं व्हिडिओ काढत होती. आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "सत्या, उंट बरा, तो माणसासाठी खाली बसतो." लोक किती हसले. माझ्या साक्षीदारांनी ते केंदूरभर केलं.

अकराचा नंबर होता. मी पुढं जाऊन कागद लावून ठेवतो, तुम्ही एसटीनं या, यात काय चुकलं? तुम्ही हो म्हणालात. आम्ही ऑफिस बंद होईपर्यंत बसलो. साहेबांनी दोनदा पुकारा केला. तुम्ही आलाच नाहीत. काळजीनं जीव गेला, फोन करावा तर तुमचं ते मशीन.

आणि संध्याकाळी वस्तीवर येतो तर काय, वाटेवर बाभळ. आडवी टाकलेली, काट्यांसकट, दोन्ही अंगाला दगड लावून. फट एवढी की माणूस जाईल, बैल जाईल, सुलक्षणाची स्कूटीही जाईल. फक्त गाडी जात नाही. दगडोबाला विचारलं तर म्हणतो, "बाईसाहेबांनी टाकाया लावली. त्यांचं रान हाय, म्या कोन न्हाई म्हननार?" सुलक्षणाला विचारलं तर म्हणते, "मी चहा करत होते."

दोन दिवस गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी आहे. कुत्री आप्पांच्या फोटोवर झोपतात. हे तुम्हाला शोभतं का?

सत्यजीत


कासुर्डी
२४ डिसेंबर २०२४

चि. सत्या,

शोभतं. पैठणीसुद्धा शोभली, सगळे म्हणाले.

तू धूळ उडवत गेलास, त्यानंतरचं सांगते. मी पैठणीला लागलेलं पीठ झटकलं आणि थांब्यावर गेले. खरंच शिरूरलाच निघाले होते. तू माझ्या भावाचा मुलगा आहेस, तुकडा शेवटी तुझ्याकडेच जायचा, असं मी मनाला समजावत होते. एसटी आली. तिची पहिली पायरी उंच असते, तरी पायरी असते. मी पाय उचलला, तो अडला, आणि कंडक्टर खाली उतरला. चांगला अंगानं भरलेला गडी, घामाघूम झालेला. त्यानं गुडघा टेकला नाही, सिनेमा नव्हता तो. दंडाला धरून म्हणाला, "सावकाश आजी, गाडी कुठं पळत न्हाई." मी आत बसले आणि मला रडू आलं. ज्याचा माझा काही संबंध नाही तो माझ्यासाठी खाली उतरला, आणि माझ्या भावाचा मुलगा मला म्हणाला, मी पुढं होतो, तुम्ही मागून बसनं या. माझीच सही न्यायला आला होतास तू. गाडीत दोन साक्षीदार मावले, मी मावले नाही.

म्हणून चौफुल्याला उतरून मी शिरूरची गाडी सोडली. शिक्रापूरपर्यंत एक धरली, तिथून केंदूरची दुसरी. तुम्ही शिरूरला माझी वाट बघत होतात तेव्हा मी माझ्या रानात चिंचेखाली बसून सुलक्षणाच्या हातचं पिठलं खात होते. आईनं वेचलेल्या दगडांचा ढीग अजून बांधाला आहे. ओढ्याकाठी एक बाभळ मुळासकट पडलेली दिसली. एवढं जुनं झाड कसं पडलं हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. दगडोबाला म्हटलं, वाया कशाला घालवता, माझ्या वाटेला लावा. त्यानं माझ्यादेखत ओढून आणली. बैलांना ती जड गेली नाही, त्यांना असल्या कामाची सवय दिसली.

आता तुझ्या गाडीबद्दल. तू उगाच काळजी करतोस. मी वाट अडवलीय, ओढा अडवलेला नाही. ओढ्यातून घाल, पलीकडून वस्तीवर चढव. नळकांडं आहे, विंच आहे, कमरेएवढी चाकं आहेत, आणि मागं स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे ती चारही ओढतात. मला काय कळतंय त्यातलं, मी आपली तुझी पत्रं वाचली.

तहसीलदाराकडे वहिवाटीची तक्रार करणार असलास तर खुशाल कर, तुझा हक्क आहे. मी फक्त तुझी पत्रं पुढं ठेवीन. हिला रस्ता लागतच नाही, असं दसऱ्याला लिहिलंस, दिवाळीनंतर पुन्हा लिहिलंस. अक्षर तुझं, सही तुझी. या घरात पहिली सही तूच केलीस बघ.

बक्षीसपत्र होणार नाही. तुकडा माझा आहे आणि मी आहे तोवर माझाच राहील. पुढच्या महिन्यापासून तिथं कांदा लावायचा, निम्मा माझा, आणि माझ्या निम्म्याची देखरेख सुलक्षणा करील. तिला कुणी किती दिवस राहणार विचारलं तर म्हणावं, माझ्या आत्याबाईंच्या रानात काम आहे.

बाभळ काढायची असेल तर निघेल. मला खुन्नस धरायची नाही, वय नाही माझं. फक्त गाडीबद्दल आजवर जे लिहीत आलास, त्यातलं खरं काय ते एकदा लिहून पाठव. लांबण लावू नकोस. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

तुझी
आत्या


केंदूर
३ जानेवारी २०२५

आत्या,

गाडीला रस्ता लागतो.

पायरी परत बसवली आहे. बघायला याल तेव्हा न्यायला येईन. एसटीनं.

सत्यजीत